निरीक्षकाचे छप्पर: फिरत्या कत्तलखान्याचा इतिहास

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील लोपेझ बेटावर राहणाऱ्या मेंढपाळापुढे एक चमत्कारिक अडचण होती. मेंढी त्याच्या कुरणात होती, गिऱ्हाईक शेजारच्याच गावात होते. परंतु त्या मेंढीच्या मांसाचा एक तुकडाही तो त्या गिऱ्हाइकाला कायद्याने विकू शकत नव्हता. जिवंत मेंढी मात्र खुशाल विकता येई. गिऱ्हाइकाने आधी ती विकत घ्यायची, मग खाटकाने ती ‘मालकाच्या’ घरच्या वापरासाठी कापायची, आणि मांसाच्या पुड्यांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारायचा. उपाहारगृहाला दोन किलो मांस हवे असेल, तर हा मार्ग बंदच.

शेतावर जनावर कापणे ही मानवाच्या अतिप्राचीन रीतींपैकी एक. ती कायद्याच्या बाहेर कशी गेली आणि २००२ साली चाकांवर बसून परत कशी आली, त्याचा हा थ्रेड.

२५ डिसेंबर १८६५ रोजी शिकागोत युनियन स्टॉक यार्ड्स हा प्रचंड गुरांचा बाजार उघडला. पश्चिमेची गुरे रेल्वेने येथे येत आणि त्यांतील बरीचशी जिवंतच पूर्वेकडच्या शहरांना रवाना होत. तेथे ती गावोगावचे खाटीक कापत. गस्टाव्हस स्विफ्ट या व्यापाऱ्याला यातला तोटा दिसला. बैलाच्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भाग म्हणजे कातडे, आतडी, खुर आणि डोके. त्यावर भाडे कशासाठी भरायचे? जनावर शिकागोतच कापून सोललेले धड तेवढे बर्फाच्या डब्यातून पाठवावे, हा त्याचा हिशेब. रेल्वे कंपन्यांनी जिवंत गुरांच्या वाहतुकीत पैसा गुंतवलेला असल्याने त्या तयार होईनात. अखेर जिचा गुरांच्या वाहतुकीत फारसा वाटा नव्हता, अशा कॅनडातील ग्रँड ट्रंक रेल्वेने त्याचा माल नेला. १८८०च्या दशकात शिकागोचे मांस पूर्वेच्या बाजारांत स्थानिक मांसापेक्षा स्वस्त मिळू लागले.

आता जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण वाटते, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. गावोगावच्या खाटकांनी १८८६ साली आपली राष्ट्रीय संघटना उभारली आणि हत्यार म्हणून निवडले ते आरोग्य-निरीक्षण! ‘मांस निरोगी आहे हे कसे कळणार? जनावर जिवंत असताना कोणी पाहिले?’ हा त्यांचा प्रश्न होता. त्या रेट्यातून १८८९ साली मिनेसोटा राज्याने कायदा केला: राज्यात विकावयाच्या मांसाचे जनावर कापण्यापूर्वी चोवीस तासांच्या आत, राज्यातच, निरीक्षकाने तपासलेले असले पाहिजे. शिकागोत कापलेल्या बैलाला ही अट पुरी करणे अशक्य होते, आणि हेतूही तोच होता. शिकागोच्या मांसाची विक्री करणाऱ्या बार्बर नामक इसमाला अटक झाली. १८९० साली ‘मिनेसोटा विरुद्ध बार्बर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा आंतरराज्य व्यापारात अडथळा आणतो म्हणून रद्द केला.

म्हणजे निरीक्षणाची मागणी प्रथम लहानांनी मोठ्यांविरुद्ध उगारली होती. पुढच्या ऐंशी वर्षांत तेच शस्त्र लहानांवर उलटले.

१९०६ साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली, शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण चव्हाट्यावर आली, आणि ३० जून रोजी संघीय मांस-निरीक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. निरीक्षणाचा खर्च कंपन्यांनी द्यावा असे मूळ विधेयकात होते. अंतिम कायद्यात तो सरकारने उचलला, वर्षाला तीस लाख डॉलर. सरकारी शिक्का मोठ्या कंपन्यांना जवळजवळ फुकट मिळाला आणि परदेशी बाजारात त्यांची पत सावरली. गॅब्रिएल कोल्को यांच्यासारखे इतिहासकार यावरून हा कायदा बड्या भांडवलाचाच विजय ठरवतात. मला हे अर्धेच पटते. कामगारांच्या आणि खाणाऱ्यांच्या जिवाशी चाललेला खेळ खरा होता, आणि याच कायद्याने आपल्या शेतावर जनावर कापणाऱ्या शेतकऱ्याला व किरकोळ खाटकाला सूटही दिली होती.

ही मोकळीक आक्रसली १९६७ साली. राज्याच्या हद्दीतच विकले जाणारे मांस तोवर संघीय कायद्याच्या कक्षेबाहेर होते आणि काही ठिकाणी त्याची अवस्था खरोखर भयंकर होती. नव्या कायद्याने सर्व राज्यांना संघीय दर्जाच्या तोडीचे निरीक्षण बंधनकारक केले. १५ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली, तेव्हा ८९ वर्षांचे सिंक्लेअर समारंभाला हजर होते. हेतू निर्दोष होता. पण दर्जा पाळायचा म्हणजे टाइल्सच्या भिंती, उतार असलेली फरशी, गरम पाणी, सांडपाण्याची सोय आणि निरीक्षकाची खोली. दिवसाला हजारो गुरे कापणाऱ्याला हा खर्च किरकोळ. आठवड्याला पाच कापणाऱ्याला तो दुकान बंद करण्याचे कारण. अनेक लहान कत्तलखाने मिटले. १९८० साली सर्वांत मोठ्या चार कंपन्यांकडे मांसाच्या गुरांच्या कत्तलीचा सुमारे ३६ टक्के वाटा होता. आज तो ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. याला एकटा कायदा जबाबदार नाही, पण लोपेझच्या मेंढपाळाला फेरीबोटीने मेंढ्या मुख्य भूमीवर नेण्याची पाळी आली ती याच वाटेने.

कायद्यातील गृहीतक असे की निरीक्षण ‘आस्थापने’चे होते, आणि आस्थापना म्हणजे इमारत. लोपेझच्या शेतकऱ्यांनी व तेथील सामुदायिक भूमी न्यासाने विचारले, की इमारतीला चाके असली तर? २००२ साली त्यांच्या सहकारी संस्थेचा ट्रेलर हा संघीय निरीक्षणाखाली चालणारा देशातील पहिला फिरता कत्तलखाना ठरला. सकाळी ट्रक तो शेतावर आणतो. निरीक्षक आपल्या मोटारीने येतो. तो जनावर आधी गोठ्यात चालताना पाहतो, मग कापल्यावर डोके, लसिका ग्रंथी, फुप्फुसे, काळीज तपासतो आणि धडावर शिक्का मारतो. आत पाण्याची टाकी, जनरेटर, धड उचलणारी कप्पी आणि शीतकक्ष आहे. दिवसाला आठ-दहा गुरे होतात. आतडी व रक्त शेतावरच राहतात आणि त्यांचे खत होते. जनावराला मात्र अनोळखी वाहनातून, अनोळखी कळपात नेले जात नाही.

येथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. ट्रेलर मारतो आणि सोलतो; तुकडे करून बांधण्याचे काम तेथे होत नाही. त्यासाठी धडे मुख्य भूमीवरील बो या गावच्या कारखान्यात जातात. खरी टंचाई बहुधा याच टप्प्यावर असते, कारण कसबी खाटीक घडायला वर्षे लागतात आणि गेल्या पिढीत ते घडवणारी दुकानेच उरली नाहीत. २०२०च्या वसंतात करोनामुळे महाकाय कत्तलखाने बंद पडले, शेतकऱ्यांना धडधाकट डुकरे मारून पुरावी लागली, आणि त्याच वेळी लहान खाटकांच्या वह्या पुढच्या वर्षापर्यंतच्या नोंदींनी भरल्या. जनावरे होती, गिऱ्हाईक होते, शिक्का देणारा निरीक्षकही मिळू शकला असता. मधले हात नव्हते.

संघीय कृषी खात्याने २०१० साली अशा ट्रेलरांसाठी मार्गदर्शिका काढली. पाण्याची शुद्धता, सांडपाणी, वेळापत्रक आधी कळवणे, हे सारे तीत आहे. निरीक्षकाला स्वच्छतागृह उपलब्ध असले पाहिजे, हेही आहे.