गावठाणाची रेघ

जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे घरांची जागा. इंग्रजांच्या अमलात जमिनीची मोजणी झाली तेव्हा पांढरीला वेगळी हद्द धरली. तेच गावठाण. काळीवर शेतसारा बसला, पांढरीवर बसला नाही. रेघ ओढली ती सारा वसूल करण्याच्या सोयीसाठी. पण पुढं पाणी कुठवर जायचं, गटार कुठवर काढायची, दिव्याचा खांब कुठं रोवायचा, हे सगळं त्याच रेघेनं ठरवलं.

रेघेच्या आत सगळे सारखे होते असंही नाही. वाडे वेशीच्या आत मधोमध, महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर. कुणी कुठं राहायचं हे तेव्हा जातीनं ठरत होतं आणि त्यासाठी कुठल्या कागदाची गरज नव्हती.

मुंबई ग्रामपंचायत कायदा 1958 सालचा. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याच सुमाराला आमच्याकडं विहिरींवर इंजिनं बसू लागली, मागून वीज आली. रात्री-अपरात्री दारं धरायची, गुरं सांभाळायची, म्हणून माणसं गाव सोडून रानात राहायला गेली. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तशी घरं वाढली. आमच्या गावात बघता बघता निम्मी वस्ती मळ्यांत गेली. माणसं हलली, रेघ मात्र जागची हलली नाही.

1972 च्या दुष्काळात हे पहिल्यांदा नीट डोळ्यांवर आलं. खडी फोडायला सगळे एकाच कामावर जात होते, पण पाण्याचा टँकर चावडीपुढं उभा राहायचा. मळ्यातल्या बायका दोन-दोन मैलांवरून हंडे घेऊन यायच्या, तोवर टँकर रिकामा झालेला असायचा. दुष्काळ सरला. पुढं नळाची योजना आली, टाकी बांधली, पाइप पुरले. पाइप गावठाणाच्या कडेला येऊन थांबला. वस्त्या योजनेत नव्हत्या. घरपट्टी मात्र वस्तीवरच्या घरांनाही होती, कारण घरपट्टीला गावठाणाची हद्द नसते, पंचायतीची असते. ती लांबवर, शिवेपर्यंत जाते.

हे निर्णय कोण घेत होतं? कागदावर ग्रामसभा. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की गणपूर्तीची अट उरत नाही. ही पळवाट गावच्या पुढाऱ्यांना पाठ होती. पहिल्या सभेची दवंडी वस्तीवर पोचायची नाही. दुसऱ्या सभेला पाराजवळची दहा-बारा डोकी बसायची, सह्या व्हायच्या, चहा व्हायचा. अशा सभांतून आमच्याकडं रस्ते कुठून जायचे ते ठरलं, समाजमंदिर कुणाच्या दारात उभं राहायचं ते ठरलं.

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, 2011 पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. आधी नवरेच खुर्चीवर बसायचे हे खरं आहे. पण कायद्यानं मुख्य सभेच्या आधी महिलांची सभा घ्यायला लावली, आणि एका वर्षी वस्तीवरच्या बायका दोन ट्रॅक्टर भरून त्या सभेला आल्या. एक म्हातारी ग्रामसेवकाला म्हणाली, "भाऊसाहेब, घरपट्टीच्या वक्ताला आमचं घर गावात आसतंय, आन् पान्याच्या वक्ताला रानात कसं जातंय?" कुणाला उत्तर सुचलं नाही. ग्रामसेवकानं ते वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही, पण ठराव घ्यावा लागला. त्या बायका उठल्या नाहीत, मुख्य सभेतही बसून राहिल्या. त्या दिवशी सभा तहकूब झाली नाही. पाइप वस्तीला जायला पुढं चार वर्षं गेली, पण तो गेला तो त्या ठरावावर.

2015 पासून चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट पंचायतीकडं येऊ लागले. 'आमचं गाव आमचा विकास' म्हणून आराखडे झाले. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना निघाली, ड्रोननं गावठाणं मोजून घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागलं. हे चांगलं झालं. बापजाद्याच्या घराचा सरकारी कागद गावठाणात बऱ्याच जणांकडं नव्हताच, पंचायतीच्या नमुना 8 वर नाव असलं की भागायचं. पण ड्रोन फिरला तोही गावठाणावर. मळ्यातली घरं पुन्हा रेघेबाहेर.

आता डांबरी सडकेकडंनं गाव वाढतंय. गुंठ्या-गुंठ्यानं जमिनी विकल्या जातात, गाळे उठतात. त्यांत सांडपाणी जायला वाट नाही, आग लागली तर बंब वळायला जागा नाही. आज एक फूट जागा सोडा म्हटलं तर भांडण होतं. उद्या तिथं पाचशे घरं झाली की गटार कुणाच्या अंगणातून काढायची? जागा सोडायची ती घरं उठायच्या आधी. नंतर फक्त कोर्ट उरतं.

म्हणून तरण्या पोरांना मी एवढंच सांगतो. ग्रामसभेची नोटीस लागली की तारीख बघा आणि पहिल्या सभेला जा. सही करण्याआधी ठराव वाचायला मागा. नकाशा भिंतीवर लावायला सांगा. रेघ कुठून जाते ते तिथं बसलेला माणूस ठरवतो, घरी बसलेला नाही.