पंगत : एका शब्दाचा प्रवास

लग्न असो वा धर्मग्रामाचा सण, दुपारी पाने मांडली आणि वाढपी पुढे सरसावले की 'पंगत बसली' असे आपण म्हणतो. हा शब्द इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याच्या कुळाची चौकशी करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मूळ संस्कृत शब्द 'पंक्ती'. त्याचे नाते 'पंच' या संख्येशी आहे. पाच चरणांच्या एका वैदिक छंदाला पंक्ती हेच नाव आहे. पाचांचा समूह, कोणतीही रांग आणि जेवणाऱ्यांची रांग असे अर्थ त्या शब्दाला येत गेले.

परंतु रांग म्हटली की तिच्यात कोण आणि तिच्याबाहेर कोण, हा प्रश्न आलाच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धभोजनाच्या संदर्भात पंगत पावन करणारे आणि ती दूषित करणारे अशी वर्गवारी आढळते. 'पंक्तिभेद' आणि 'पंक्तिप्रपंच' हे आपल्या भाषेतले शब्द त्याच वृत्तीची साक्ष देतात. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली, तेवढ्यावरून ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न जाऊन पोहोचला.

आमच्या नाशिकलाही हा इतिहास परका नाही. जवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या १८९५ सालच्या बाप्तिस्म्यानंतरही काही काळ आपले सोवळे जपले व ते कसे हळूहळू गळून पडले, हे 'स्मृतिचित्रे'त प्रांजळपणे सांगितले. याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेथे प्रश्न दर्शनाचा होता. पण रांगेत जागा कोणाला, हे मूळ तेच.

मग आपण ख्रिस्ती लोक या दोषापासून मुक्त आहोत काय? अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र, यरुशलेमकडील मंडळी येताच पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. भारतातील बिशपांच्या परिषदेनेही २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेत जातिभेद आहे, हे मान्य केले.

आम्हांला स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका सणाला प्रतिष्ठित मंडळींची पंगत आधी उठली. सकाळपासून मंडप उभारणाऱ्यांना पाने मिळाली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि गोड पदार्थ संपला होता. आम्ही पहिल्या पंगतीत होतो. आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो.

प्रभूने पाच भाकरी मोडल्या, त्या दिवशी पाच हजारांना हिरवळीवर ओळीने बसविले होते. मानाची पंगत त्यात वेगळी नव्हती. पुढच्या सणाला मंडपवाल्यांच्या शेजारी आमचे पान मांडावे, एवढेच आमचे मागणे आहे.