तबकडीवर उतरलेला चित्रपट

चित्रपट ही सार्वजनिक वस्तु आहे, शेंकडों लोकांनीं अंधारांत एकत्र बसून ती पाहावयाची असते, अशी समजूत मुंबईंत दीर्घ काळ दृढ होती. परंतु या शहरांतील चित्रपटाचा उगम शोधूं जातां तो एका राहत्या घरांतच सांपडतो. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला तेव्हां दादरच्या त्यांच्या घरीं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलींत बसून कोऱ्या फितीला भोंकें पाडीत आणि फीत धुण्याच्या कामांत हात देत. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षें चित्रपटाचें स्थान घराबाहेरच राहिलें. तो घरांत परतला तो आधीं कॅसेटच्या आणि मग तबकडीच्या रूपानें. आणि या पुनरागमनाचें एक मोठें मनोरंजक, परंतु निर्मात्यांच्या दृष्टीनें तितकेंच क्लेशदायक प्रकरण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या उपनगरांतील गृहसंस्थांत घडलें.

उपनगरांस चित्रपट अपरिचित नव्हता. मालाड येथें १९३४ सालीं ‘बॉम्बे टॉकीज’ची स्थापना झाली, पुढें गोरेगांवास ‘फिल्मिस्तान’ निघालें, आणि अंधेरीच्या आसपास तर चित्रगृहांपेक्षां चित्रपटांच्या कचेऱ्याच अधिक वाढल्या. मात्र तयार झालेलें चित्र घरीं आणण्याची सोय सामान्य माणसास नव्हती. १९८२ सालीं दूरदर्शनवर रंग आले, त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीस आशियाई क्रीडासामने झाले, आणि त्या सुमारास व्हिडिओ-यंत्रें मध्यम वर्गांत शिरूं लागलीं. ज्यांना यंत्र विकत घेणें झेपत नसे ते एका रात्रीपुरतें भाड्यानें आणीत आणि मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांस बोलावून एका बैठकींत तीन तीन चित्रपट पाहून टाकीत. १९६२ सालीं वाचनालय म्हणून सुरू झालेल्या ‘शेमारू’नें १९७९ पासून पुस्तकांबरोबर कॅसेटीही भाड्यानें देण्यास प्रारंभ केला होता; वाचकांच्या बदलत्या आवडीचें याहून बोलकें उदाहरण विरळा. याच संस्थेची कचेरी पुढें अंधेरीच्या मरोळ भागांत आली. थोड्याच वर्षांत केबलवाला अवतरला. एका खोलींत एक यंत्र, आणि तेथून गच्च्यागच्च्यांवरून गेलेली तार. शंभर घरांत एकच चित्रपट एकाच वेळीं दिसे, आणि त्यांपैकीं बहुतेकांचा परवाना कोणापाशींही नसे.

कायदा जागा झाला तो १९८४ सालीं. कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा चोरीस किमान सहा महिने व कमाल तीन वर्षें कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड ठरला. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या जानेवारींत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, मागाहून पाहण्यासाठीं दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरीं उतरवून घेणें हा अपराध नव्हे, असा निर्णय पांच विरुद्ध चार मतांनीं दिला होता. तेथें घरगुती नोंद क्षम्य ठरली, येथें चोरटा व्यापार दंडनीय ठरला. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण सामान्य गृहस्थाच्या मनांत त्यांची जी सरमिसळ झाली ती पुढें कधींच सुटली नाहीं.

कॅसेटची प्रत काढली कीं चित्र फिकें होई. प्रतीची प्रत तर पाहवत नसे. चोरीस निसर्गानेंच घातलेला हा बांध तबकडीनें फोडला. १९८२ सालीं संगीतासाठीं बाजारांत आलेल्या सीडीवर चित्रें बसविण्याची पद्धति १९९३ सालीं ठरली. हीच व्हीसीडी. तिच्यांतील चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचें, म्हणजे बेताचेंच. एका तबकडीवर सुमारें ७४ मिनिटें मावत, त्यामुळें हिंदी चित्रपटास दोन, कधीं तीन तबकड्या लागत. चित्रगृहांतील मध्यंतर आणि तबकडी बदलण्याची वेळ यांचा मेळ क्वचितच बसे, आणि नायिकेच्या अर्ध्या वाक्यावर घरांतील कोणास तरी उठावें लागे. तथापि अंकांनीं लिहिलेल्या प्रतीची शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघते, हा तिचा गुण साऱ्या दोषांवर मात करणारा ठरला.

यापुढील पाऊल इंटरनेटचें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें ही सेवा मुंबईसह मोजक्या शहरांत सार्वजनिक केली. आरंभींचा ९·६ किलोबिटांचा वेग ध्यानांत घेतला तर ७०० मेगाबाइटांची एक तबकडी भरेल इतका मजकूर उतरविण्यास सात अहोरात्र लागलीं असतीं. पुढील ५६ किलोबिटांच्या मोडेमनेंही एकोणतीस तास, आणि तितका वेळ घरचा दूरध्वनी बंद! हें गणित बदललें तें २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानें. २५६ किलोबिट हा किमान वेग ठरला, आणि २००५ सालीं महानगर टेलिफोन निगमाची ‘ट्रायबँड’ सेवा मुंबईंत सुरू झाली. आतां तोच चित्रपट सव्वासहा-साडेसहा तासांत येऊं शके. म्हणजे नेमकी एक झोंप. रात्रीं निजतांना संगणकास काम लावून द्यावें आणि सकाळीं दुधाबरोबर चित्रपट हातीं यावा, असा क्रम कित्येक घरांत पडून गेला.

या कामीं २००१ सालीं ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणानें रचलेल्या बिटटोरेंटचा फार उपयोग झाला. त्यांत एक मोठी फाईल अनेक लहान तुकड्यांत विभागली जाते, प्रत्येक घेणारा त्याच वेळीं देणाराही होतो, आणि खंड पडला तरी उरलेले तुकडे मागाहून घेतां येतात. मुलुंड व भांडुप या भागांस वीज महावितरणची; भारनियमनाच्या वर्षांत तेथें ती जाई, तेव्हां अंधेरी-बोरिवलीचे दिवे चालूच असत. तुकड्यातुकड्यांनीं उतरण्याच्या या युक्तीचें मोल मुलुंडकरास अधिक कळलें असल्यास नवल नाहीं.

उतरलेला चित्रपट तबकडीवर ‘राईट’ करणें हा विधि मात्र जागेपणीं आणि कांहींशा धाकांत चाले. कोऱ्या तबकडीच्या पोटांत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. रायटरमधील लेसर-किरण त्यास जागोजाग तापवितो, आणि तापलेल्या व न तापलेल्या बिंदूंवरून प्रकाश वेगवेगळा परावृत्त होतो. हीच ती लिपि. आरंभींच्या यंत्रांत किरणास मजकूर अखंड पुरवावा लागे. मध्येंच संगणक अडखळला तर तबकडी फुकट जाई, म्हणून काम चालू असतां कोणीं संगणकास हात लावावयाचा नाहीं अशी घरांत सक्त ताकीद असे. तबकड्या पन्नासाच्या चळतीनें लॅमिंग्टन रोडहून येत. काम सुखरूप झालें कीं काळ्या मार्करनें नांव लिहावयाचें. अशा तबकड्या मग शेजारीं, मामाकडे आणि परदेशीं निघालेल्या भाच्याच्या सामानांत जात.

यांत बिघडलें तें काय, असें पुष्कळांस वाटे. मोठ्या ताऱ्यांच्या कोट्यवधींतून एक तिकीट कमी झालें तर त्याचें दुःख कोणी करावें? पण हाच न्याय मराठी चित्रपटास लावतां येत नव्हता. ‘श्यामची आई’ला १९५४ सालीं मिळालेलें सुवर्णकमळ पुन्हा मराठींत आलें तें ‘श्वास’मुळें, पन्नास वर्षांनीं. तुटपुंज्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या अशा चित्रपटास घरोघर फिरणारी फुकट तबकडी ही कौतुकाची पावती नव्हती. पुढील चित्राच्या भांडवलांतलीच ती कपात होती. प्रेक्षकाची बाजूही सर्वस्वी पोकळ होती असें नाहीं. अधिकृत तबकडी महाग, आणि जुनी मराठी चित्रें तर पुष्कळदां कोणत्याही किमतीस दुर्मिळ. २००७ सालीं मोझर बेअर या तबकड्या बनविणाऱ्याच कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हां चोरट्या मालाच्या जवळपास किमतीनें अस्सल माल देतां येतो हें सिद्ध झालें. हें दहा वर्षें आधीं सुचलें असतें तर बरें झालें असतें.

शासनानें मात्र दंडाचाच मार्ग धरला. झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्यासाठीं असलेल्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यांत महाराष्ट्रानें २००९ सालीं चित्रपटचोरांचीही भर घातली. घरीं एक तबकडी लिहिणारा गृहस्थ त्या पंक्तींत बसत नव्हता हें खरें. परंतु तो पूर्णपणें निर्दोष होता असेंही नव्हे. खाजगी उपयोगाची जी सवलत पुस्तक, नाटक, संगीत व चित्रकला यांच्यापुरती होती, ती चित्रपटास २०१२ च्या दुरुस्तीनेंच मिळाली, आणि तीही उचित मर्यादेंत. २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें आणखी एक भेद स्पष्ट केला. चोरीची प्रत नुसती पाहणें हा कॉपीराइट कायद्याखालीं गुन्हा नव्हे. ती वांटणें, विकणें वा भाड्यानें देणें हा गुन्हा होय. चित्रगृहांत बसून चित्रण करणाऱ्यास २०२३ च्या कायद्यानें तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे.

तोंवर तबकडीचा काळ सरला होता. मोझर बेअरची मालमत्ता विकून देणीं भागविण्याचा हुकूम २०१८ सालीं निघाला. नवे संगणक तबकडीच्या खाचेवांचून येऊं लागले, आणि चित्रपट पुन्हा तारेवाटे येऊं लागला, या वेळीं मासिक वर्गणी देऊन.

राहिला प्रश्न जतनाचा. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत, आणि तींही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचीं असावींत असें कांहीं अभ्यासक मानतात. त्याच संग्रहालयांत ८ जानेवारी २००३ रोजीं लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. घरगुती तबकडी या उणिवेची भरपाई करील अशी आशा कित्येक संग्राहकांनीं बाळगली. पण तिच्यांतील रंगद्रव्य उजेडानें व दमटपणानें विटतें, आणि मुंबईच्या चार पावसाळ्यांत कपाटांतील चळतीच्या कडांना डाग पडूं लागतात. बोरिवलीच्या एखाद्या माळ्यावर अजूनही पन्नासाची एक चळत असेल, मार्करनें लिहिलेलीं नांवें पुसट झालेलीं. तींतील किती तबकड्या वाचतां येतील हें पाहण्यास लागणारें यंत्र त्या घरांत आतां नाहीं.