पत्र्याच्या भांडणातून आलेला मायक्रोमीटर

मायक्रोमीटरची कुळकथा सहसा विल्यम गॅस्कॉइनपासून सांगतात. या इंग्रज खगोल-अभ्यासकाने १६३० च्या दशकाच्या अखेरीस दुर्बिणीत बारीक आट्यांचा स्क्रू बसवून आकाशातली कोनीय अंतरं मोजली. पुढे लंडनच्या हेन्री मॉड्सलीच्या कारखान्यात बाकावरच्या मायक्रोमीटरला ‘लॉर्ड चॅन्सलर’ हे नाव पडलं, कारण मापांच्या वादात त्याचा निकाल अखेरचा. वंशावळ खरी आहे. पण टर्नरच्या खिशात मावणारं हत्यार यायला गॅस्कॉइननंतर दोनशेहून अधिक वर्षं का लागली, ते तिच्यातून उलगडत नाही. माझ्या मते त्याचं उत्तर पत्र्याच्या व्यापारात आहे.

पत्रा तेव्हा गेजच्या नंबरावर विकला जाई. गेज म्हणजे पोलादी चकती: कडेला लहानमोठ्या खाचा, प्रत्येकीपाशी नंबर ठोकलेला. पत्रा ज्या खाचेत अलगद बसेल, तो त्याचा नंबर. वापरून खाच झिजते, रुंदावते आणि मग जाड पत्राही त्याच नंबरात खपतो. शिवाय ‘अलगद’ म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या हातावर. १८६७ मध्ये अमेरिकेत ब्रिजपोर्ट ब्रास कंपनीचा पितळी पत्रा काडतुसं बनवणाऱ्या युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीने नाकारला. विकणाऱ्याच्या गेजवर माल बरोबर, घेणाऱ्याच्या गेजवर नापास. आणि दोन्ही गेज एकाच प्रमाणाचे मानलेले! खोटं कोणीच बोलत नव्हतं, हीच खरी अडचण. ब्रिजपोर्टचे अधीक्षक एस. आर. विल्मॉट यांनी मग स्क्रूवर चालणारा, हातात धरायचा गेज करवून घेतला. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ब्राउन आणि शार्प या कारखानदारांना ज्याँ लॉराँ पामेरचा, १८४८ चं पेटंट असलेला असाच स्क्रूचा गेज दिसला. त्यांनी स्वतःचा पहिला गेज काढला तो पत्र्यासाठीच. इंचापर्यंत मोजणारा मायक्रोमीटर आला १८७७ मध्ये.

बिनचूक आट्यांचा स्क्रू स्वस्तात निघत नव्हता म्हणून उशीर झाला, असं कोणी म्हणेल. ते अर्धंच खरं. मॉड्सलीच्या लेथवर १८०० च्या सुमारास उत्तम स्क्रू निघत होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अदलाबदल करता येतील असे सुटे भाग बंदुकीच्या कारखान्यांना त्याआधीच हवे होते, मग गरज तिथूनच का आली नाही? कारण एका छपराखाली आकड्याची गरज नसते. नमुन्याबरहुकूम केलेल्या ठरावीक गेजमध्ये भाग बसला की पास, नाही तर भंगार. आकडा लागतो तो माल दाराबाहेर पडला की, जिथे दोघांपैकी कोणीच दुसऱ्याची चकती मानणार नाही.

भांडण मात्र मिटलं नाही, नुसतं बारीक झालं. अर्ध्या मिलिमीटरच्या आट्यावर थिंबलचे, म्हणजे स्क्रूबरोबर फिरणाऱ्या टोपीचे, ५० भाग केले की ०.०१ मिलिमीटर वाचता येतो. पण जोरात आवळलं की तोच आकडा बदलतो. म्हणून रॅचेट आला: टकटक झाली की थांबायचं. आणि मायक्रोमीटरचीच परीक्षा घ्यायची तर गेज ब्लॉक, म्हणजे ठरावीक मापाचे ठोकळे, लागतात; १०२ ब्लॉकचा संच १८९६ मध्ये स्वीडनच्या एस्किलस्टुनाचे कार्ल एडवर्ड योहानसन यांनी कल्पिला. तेव्हा माप घेण्याआधी दोन्ही टोकं पुसा, शून्य जुळतं का बघा, आणि फरक निघाला तर तो हिशेबात धरा.