जपानमध्येही एकेकाळी हेच चाललं होतं

मी धर्माबादचा, काम सॉफ्टवेअरचं, पण आजचा भाग रस्त्याच्या इतिहासावर.

रेल्वे फाटक पडलं की आपल्याकडं काय होतं, बघितलंय ना? दोन्ही बाजूंच्या गाड्या रस्त्याची पूर्ण रुंदी भरून टाकतात. फाटक उघडलं की सगळे समोरासमोर अडकतात. मग हॉर्न. मग कुणीतरी म्हणतंच, "आपली माणसं सुधारणार नाहीत. जपानमध्ये बघा!"

चला, जपानमध्येच बघू. पण १९७० च्या.

त्या एका वर्षात तिथं रस्त्यावर १६,७६५ माणसं मेली. लोकसंख्या तेव्हा साडेदहा कोटींच्या आसपास. आता आपलं बघा: २०२२ मध्ये महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू, आणि लोकसंख्या त्यांच्यापेक्षा थोडी जास्त. म्हणजे आज आपण जिथं आहोत, साधारण तिथंच ते होते. तिथले लोक याला 'वाहतूक युद्ध' म्हणायचे.

मग त्यांनी काय केलं? नुसती बोर्डावर सूचना लिहिली नाही. १९७० मध्येच रस्ता सुरक्षेचा वेगळा कायदा केला. फूटपाथ, सिग्नल, कठडे, पादचारी पूल यांवर पैसा ओतला. शाळेत पोरांना रस्ता शिकवला, नियम कडक पाळायला लावले. गाड्या वाढतच होत्या, तरी १९७९ पर्यंत मृत्यू निम्म्यावर आले. २०२० मध्ये २,८३९. देश तोच, माणसंही तीच.

लांबचं वाटतंय? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे घ्या. २०१६ पासून तिथं धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या, वेगावर लक्ष ठेवलं, मदत लवकर पोचेल असं बघितलं. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. ड्रायव्हर काय जपानहून आणले होते का?

आपल्या गावात रेल्वे आली तेव्हा सिग्नल, गार्ड, नियमपुस्तक सगळं सोबत आलं. मोटारसायकल मात्र नुसती हप्त्यावर आली. आठचा आकडा काढला की लायसन्स हातात.

म्हणून "आपली माणसंच अशी" हे वाक्य मला पटत नाही. ते म्हटलं की फूटपाथ कुठाय, ऊसाच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर का नाही, हे कुणाला विचारायचीच गरज राहत नाही.

आणि फाटकावर? आपल्या बाजूला थांबायचं. त्याला कायदा लागत नाही.

भेटू पुढच्या भागात.