115, 124 की 147 : पिस्तुलाच्या गोळीचं वजन कसं ठरतं?

नागपुरात देशी कट्टा पकडला गेला की बातमीत ‘जिवंत काडतूस’ हा शब्द हमखास येतो. पण काडतूस म्हणजे गोळी नव्हे. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, हा सगळा संच म्हणजे काडतूस. बार उडाला की नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. डब्यावरचे 115, 124, 147 हे आकडे तिच्या वजनाचे, ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. सराफाची एक गुंज जेमतेम दोन ग्रेन भरते.

‘गोळी जड तितकी ताकद जास्त’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. काडतूस किती दाब सोसेल याला मर्यादा असते. त्यामुळे गोळी जड केली की तिचा वेग उतरतो. 9 मिमीच्या नेहमीच्या काडतुसात 115 ग्रेनची (7.5 ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे 360 मीटर जाते, 147 ग्रेनची (9.5 ग्रॅम) सुमारे 300 मीटर. हिशेब केला तर ऊर्जा हलक्या गोळीचीच थोडी जास्त भरते. जड गोळी आवाजापेक्षा हळू जाते, म्हणून हवेत तिचा ‘कडाड’ होत नाही. मधली 124 ग्रेनची गोळी साधारण 350 मीटरने जाते. गंमत अशी की नागपूरच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत आवाजाचाच वेग 358 मीटरच्या आसपास असतो आणि जानेवारीच्या पहाटे 337. म्हणजे तीच गोळी हिवाळ्यात आवाजाला मागे टाकेल, उन्हाळ्यात कदाचित नाही!

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट. जवळच्या अंतरावर जड गोळी बऱ्याचदा वर लागते. ती नळीत जरा जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचं तोंड उचललेलं असतं. माशी पक्की बसवलेल्या हत्यारात म्हणूनच गोळीचं वजन बदललं की नेम बदलतो.

कधी वजन कायदाही ठरवतो. ब्रिटिशांच्या .380 रिव्हॉल्व्हरची गोळी आधी 200 ग्रेनची, उघड्या शिशाची होती. मऊ शिसं शरीरात पसरतं आणि अशा गोळ्यांवर 1899 च्या हेग जाहीरनाम्याने बंदी आहे. हा आक्षेप येऊ नये म्हणून 1930 च्या दशकाच्या अखेरीस धातूचं कवच असलेली 178 ग्रेनची गोळी आली.

खेळात गणित वेगळं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते 25 मीटर पिस्तूल प्रकारात. तिथे .22 चं काडतूस लागतं आणि त्यातली गोळी सहसा फक्त 40 ग्रेनची. धक्का कमी, त्यामुळे पुढच्या बारासाठी हात लवकर स्थिरावतो.

परवानाधारकाला मात्र ही निवड फारशी नसतेच. 9 मिमी हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, काडतुसांची संख्याही परवान्यावर ठरलेली असते आणि हाती येतं ते बहुतेकदा .32. खडकीच्या कारखान्यातलं असेल तर बुडावर ‘केएफ’ची खूण. इथेच खरी चूक होते. .32 पिस्तुलाचं काडतूस (गोळी साधारण 71 ग्रेन) आणि .32 रिव्हॉल्व्हरचं (साधारण 98 ग्रेन) ही दोन वेगळी काडतुसं आहेत. आकडा सारखा दिसला तरी एकाच्या जागी दुसरं वापरायचं नसतं. दुकानात नुसतं ‘बत्तीस’ न म्हणता पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हे सांगावं लागतं.