पंक्चर, स्टेपनी आणि आमचं नाहूर

मंडळी, आमचं नाहूर म्हणजे मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये चेपून बसलेलं. स्टेशन मिळालं २००६ साली. पण टायरच्या बाबतीत आम्ही जुने जाणते बरं का! इटलीतल्या तुरीनमध्ये १९२४ साली सुरू झालेल्या सिएटची भारतीय कंपनी १९५८ मध्ये टाटांच्या सहकार्याने मुंबईत निघाली, आणि तिचा कारखाना इथे व्हिलेज रोडवर उभा राहिला. गंमत म्हणजे सिएट या नावात टायर नाहीच. मूळ इटालियन नावाचा अर्थ 'तुरीनच्या विजेच्या केबल आणि तत्सम वस्तू' असा काहीसा आहे.

असो. आजचा विषय टायर नाही, पंक्चर. हवेचा टायर आला आणि त्याच्याबरोबर पंक्चरही आलं.

रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते मागे पडलं. पुढे बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. मात्र त्याचा टायर रिमला चिकटवलेला असायचा. १८८९ मध्ये असाच एक पंक्चर झालेला सायकलस्वार फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला तीन तास लागले, वर डिंक वाळायला अख्खी रात्र. आणि दुसऱ्या दिवशी टायर पुन्हा बसला! यातूनच त्यांनी १८९१ मध्ये रिमवरून काढता येणारा टायर बनवला. म्हणजे आज आपण टायर खोलू शकतो ते पंक्चरच्या कृपेने. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांनी हवेच्या टायरवर मोटार पळवली, तेव्हा बावीस ट्यूब खर्ची पडल्या म्हणे.

तरीही वाटेत पंक्चर काढणं आलंच, कारण गाडीत जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास त्यावर तोडगा काढला: टायर चढवलेली, आरे नसलेली रिम, जी बसलेल्या चाकाला बाहेरून अडकवायची. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. तीच आपली 'स्टेपनी'! ती कंपनी लोक केव्हाच विसरले, पण शब्द आपल्या डिकीत राहिला.

१९४७ मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर जाहीर केला. ट्यूबवाल्या टायरमध्ये खिळा घुसला की हवा भसकन जाते. ट्यूबलेसमध्ये रबर खिळ्याला घट्ट धरून ठेवतं आणि हवा हळूहळू उतरते. त्यामुळे पाण्याचा टब, कानस, सोल्युशन, पॅच हा सगळा थाट जाऊन टोच्याने चिकट दोरी खुपसायची पद्धत आली. दहा मिनिटांत काम तमाम.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही दोरी म्हणजे हॉटफिक्स. प्रोडक्शन चालू राहतं, पण मूळ बग तपासलेला नसतो. बाहेरून बघून आतल्या थराला काय इजा झाली ते कळत नाही. टायर रिमवरून उतरवून आतून तपासायचा, भोकात बूच भरायचं आणि आतून पॅच लावायचा, ही खरी दुरुस्ती. तीही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात आणि भोक साधारण सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच. साइडवॉल फाटली तर टायर बदला, तिथे काटकसर नको. ती बाजू सतत दुमडते-उलगडते, पॅच टिकत नाही. एक्स्प्रेसवेवर भर वेगात तो सुटला तर काय होईल, वेगळं सांगायला नको.

आता शेवटचा अंक. २०२० च्या नियमबदलानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. जागा वाचते, वजन वाचतं, सगळं खरं. पण किटने बाजूची चीर बुजत नाही. सव्वाशे वर्षांत आपण पंक्चरचं काम तीन तासांवरून दहा मिनिटांवर आणलं आणि हळूहळू स्वतः करायचं सोडूनही दिलं. स्टेपनी होती तोवर जॅक लावण्याएवढं तरी हाताला माहीत होतं.

तेव्हा या शनिवारी एवढंच करा: डिकी उघडा आणि आत स्टेपनी आहे की किट ते बघा. स्टेपनी असेल तर तिच्यात हवा आहे का, तेही!